सायकलवरून कवळी नेण्याचे प्रकार

पुऱ्या कवळीत अठ्ठावीस दात असतात. अक्कलदाढा बसवत नाहीत. ज्यांना त्या मुळात आल्या होत्या त्यांनाही त्यांचा फारसा उपयोग झालेला दिसत नाही, असं कवळीताई म्हणत. तेवीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये काढलेल्या बाईचं हे मत असल्यामुळे त्याला अनुभवाचा आधार होता असं धरायला हरकत नाही.

कवळीताई हे नाव गल्लीने ठेवलेलं. त्यांचे स्वतःचे दात सगळे जागेवर होते आणि हसताना ते दिसत. काम असं: दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, त्यावरून लॅबमध्ये प्लास्टरचा जबडा ओततात, त्या जबड्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवून त्यात एकेक दात रोवायचा. ही मेणाची कवळी पेशंटच्या तोंडात घालून बघतात, त्याला बोलायला लावतात, आणि सगळं जमलं तरच मेणाच्या जागी पक्की हिरडी येते. तोवर प्रत्येक दात म्हणजे लोण्यात खोचलेली काडी.

सकाळपासून दुपारपर्यंत त्या लॅबमध्ये बसत. दुपारनंतर घरी, मागच्या खोलीत खिडकीशी असलेल्या टेबलावर, दात लावत. पुढच्या खोलीत नवऱ्याचं सोफे दुरुस्तीचं दुकान आणि मधल्या खोलीत सासूबाई. दुसऱ्या दिवशी सकाळी तयार झालेल्या कवळ्या सायकलला लावून साडेपाच किलोमीटर लॅबकडे. तेवीस वर्षं हा साडेपाच किलोमीटरचा तुकडा त्यांचा एकटीचा होता. घरी "अगं" म्हणणारे होते, लॅबमध्ये "अहो ताई" म्हणणारे होते. मधल्या रस्त्यावर फक्त सायकलची चेन बोलायची, आणि तिला उत्तर द्यावं लागत नसे.

कवळ्या नेण्याची पद्धतही तेवीस वर्षांची होती. पत्र्याचा डबा, डब्यात टॉवेल, टॉवेलात जबडा, डबा मागच्या कॅरिअरवर, आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. काही बिघडायचं कारण नव्हतं. पण नगरपालिकेने रस्ता सुधारला. सुधारला म्हणजे त्यावर अकरा गतिरोधक टाकले. त्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात रेल्वे स्टेशनवरचे निवृत्त निवेदक दातांच्या खुर्चीत बसले, मेणाची कवळी तोंडात घेतली, आणि डॉक्टरबाईंनी नेहमीप्रमाणे सांगितलं, "साठपासून सत्तरपर्यंत म्हणा."

या दहा-अकरा आकड्यांत जिभेला समोरच्या दातांमागे इतक्यांदा जावं लागतं, की दात केसभर जरी पुढेमागे असले तरी चोरी लपत नाही. निवेदक एकसष्टला शिट्टी वाजवून सुरू झाले. त्रेसष्टला डॉक्टरबाईंची मदतनीस तोंडावर हात ठेवून बाहेर गेली. सदुसष्टला इतकी लांब शिट्टी वाजली, की चाळीस वर्षं गाड्या सोडलेला तो माणूस सवयीने खुर्चीतून अर्धा उठला.

समोरचे दोन दात हलले होते. रस्त्यात.

लॅबचे मालक हे शांत गृहस्थ होते आणि त्यांनी नुकतीच एक पांढरी व्हॅन घेतली होती. या दोन गोष्टींचा एकत्र विचार केला की पुढचं संभाषण समजतं.

"ताई, सायकल आता पुरे. व्हॅन सगळ्यांना घ्यायला जातेच आहे, तुम्हालाही घेईल. दिवसभर इथेच बसा. दात इथेच लावा. नेण्या-आणण्याचा प्रश्नच नाही."

"व्हॅन किती वाजता येते?"

"सव्वासातला. पाच जणांना घेत येते. तासाभरात पोचता."

"सायकलने मी पंचवीस मिनिटांत पोचते."

"तुम्ही पोचता हो. दात पोचत नाहीत."

यावर कवळीताईंनी मुदत मागितली. एक महिना ठरला. महिन्याभरात एक दात जरी हलला तर सायकल बंद, घरचं टेबल बंद, सव्वासातला कोपऱ्यावर उभं राहायचं. व्हॅनमध्ये रेडिओ चालू असतो आणि लॅबमधल्या हिशेबनीस बाई जावयाबद्दल बोलतात, ही माहिती कवळीताईंना आधीपासून होती.

घरी येऊन त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे एक खोटी कवळी बनवली. कुणाच्याच तोंडाची नसलेली, नुसती सरावाची. तिच्या समोरच्या दातांवर ओलं प्लास्टर दाबून त्याचा साचा काढून ठेवला. फेरीहून आल्यावर हा साचा दातांवर बसला तर दात जागेवर. नाही बसला तर गेला प्रकार. दुसरी गोष्ट केली ती अशी, की खऱ्या कवळ्या त्या महिन्यात सायकलबरोबरच नेल्या, पण सायकल हातात धरून. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात डबा छातीशी. साडेपाच किलोमीटर चालत, सव्वा तास. मालकांनी विचारलं तेव्हा "सायकल आणली आहे" हे त्यांनी खरंच सांगितलं.

दुपारी सराव. पहिला प्रकार पुढच्या टोपलीचा. टोपली नवी, जाळीची. डबा पत्र्याचा होता तो धडधडेल म्हणून पारदर्शक प्लॅस्टिकचा घेतला. ही चूक दातांच्या कारागिराशिवाय कुणी केली नसती. बाकीच्यांना दात उघड्यावर नेताना काहीतरी वाटलं असतं; कवळीताईंना तेवीस वर्षांत दात आणि बटणं यांत फरक वाटेनासा झाला होता. चौकात लाल दिव्याला त्या थांबल्या तेव्हा शेजारच्या रिक्षातल्या बाई वाकून टोपलीत बघत्या झाल्या, आणि दिवा हिरवा व्हायच्या आत उतरून चालत गेल्या. वाहतूक पोलीस जवळ आला.

"बाई, हे काय आहे?"

"दात."

"कुणाचे?"

"कुणाचेच नाहीत."

पोलिसाने जरा विचार केला. "मग कुठे नेताय?"

"कुठेच नाही. फेरी मारून परत घरी."

पोलिसाने हाताने पुढे जायची खूण केली. त्याच्या नोकरीत कधी कधी कमी माहिती असणं जास्त सोयीचं पडत असावं. घरी येऊन साचा लावून बघितला तर टोपली हँडलबरोबर डावी-उजवी फिरल्यामुळे उजवीकडचे सगळे दात डावीकडच्यांना भेटायला निघाले होते.

दुसरा प्रकार नवऱ्याने सुचवला. सोफावाले, म्हणजे कवळीताईंचे यजमान, गेला आठवडाभर आपल्या शिवणकामात होते. बायको दुपारी सायकल घेऊन जाते, कपाळाला आठ्या घालून परत येते, हे त्यांनी तीन वेळा बघितलं आणि चौथ्या वेळी हातातली सुतळी खाली ठेवली.

"अगं, धक्क्याचाच प्रश्न आहे ना? धक्का ही माझी लाइन आहे."

"तुमची लाइन बसण्याची आहे."

"बसणं म्हणजे धक्काच. तू दोन दिवस दे मला."

दोन दिवसांनी त्यांनी कॅरिअरवर एक पेटी बसवली. आतून मखमल, बाहेरून जाड रेक्झिन, कडेने पितळी खिळे, आणि तळाला जुन्या तीन आसनी सोफ्याच्या सहा स्प्रिंगा. काम देखणं होतं. पेटीकडे बघून एखाद्या माणसाला त्यात बसावंसं वाटलं असतं. कवळीताई निघाल्या आणि पहिल्या गतिरोधकावरून गेल्या. स्प्रिंगांनी धक्का घेतला. घेतला तो परत दिला. मग पुन्हा घेतला. दुसरा गतिरोधक आला तेव्हा पहिल्याचा हिशेब अजून चालू होता. पाचव्यापर्यंत पेटी सायकलच्या मर्जीबाहेर स्वतंत्र नाचत होती आणि आतून अठ्ठावीस दात असे कडाकडा वाजत होते, की बेकरीच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं उठून उभं राहिलं. सायकल आणि पेटी यांच्यामध्ये बसलेल्या कवळीताई हसू लागल्या. हसू आवरेना तेव्हा त्या उतरल्या आणि दिव्याच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. घरी येऊन पेटी उघडली. वरचा जबडा खालच्याला चावून बसला होता.

"काय झालं?" सोफावाल्यांनी विचारलं.

"माणूस असता तर फार आरामात बसला असता."

सोफावाल्यांनी हे कौतुक समजून घेतलं आणि स्प्रिंगा काढून परत ठेवल्या.

तिसरा प्रकार पाठीवरच्या पिशवीचा. हा विचार चांगला होता. माणसाचे गुडघे, कंबर, खांदे हे सगळं मिळून जे धक्के खातं ते कुठल्याही स्प्रिंगेला जमत नाही. शिवाय गतिरोधक आला की पॅडलवर उभं राहता येतं. कवळीताईंनी अकराच्या अकरा गतिरोधक उभ्याने पार केले, चौदाव्या वर्षी करत तसे. उतारावर त्यांनी घंटी वाजवली, समोर कुणी नसताना. येताना मुद्दाम लांबच्या पुलावरून आल्या. हँडल सोडून दोन हातांनी टाळी वाजवायची फक्त बाकी राहिली. पण ऊन होतं, चढ होता, आणि बावन्न वर्षांच्या पाठीला घाम येतो. मेण ज्या गर्मीला मऊ पडतं तिच्या जवळपास माणसाची पाठ पोचते, हे ज्ञान त्यांना घरी पिशवी उघडल्यावर झालं. वरचे चार दात बाहेर झुकून खाली बघत होते, गॅलरीतून भाजीवाल्याकडे बघावं तसे.

चौथ्या प्रकारात पिशवी हँडलला टांगली. ती गुडघ्याला लागली. पाचव्यात सोफावाल्यांनी कुठूनतरी मुलाला बसवायची खुर्ची आणून कॅरिअरवर बांधली आणि डबा तिच्यात पट्टा लावून बसवला. डब्याला ऊन लागू नये म्हणून वरून पांढरा रुमाल. बेकरीवाली म्हणाली, "अगंबाई, नातू का?"

"नाही हो."

"नात?"

"कवळी."

बेकरीवालीने क्षणभर रुमालाकडे बघितलं. "अजून बोलते का?"

"सदुसष्टपर्यंत," कवळीताई म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. त्या दिवशीचा साचा जवळजवळ बसला. जवळजवळ म्हणजे नाहीच.

महिन्याचे सहा दिवस उरले. रोज सव्वा तास चालून कवळीताईंच्या टाचा दुखत होत्या, आणि त्यांना सायकलवरून हात फिरवताना घरच्यांनी एक-दोनदा बघितलं होतं. लॅबमध्ये निवेदकांची दुसरी कवळी त्यांच्याकडेच आली होती आणि ती ठरलेल्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी तोंडात बसायची होती. मालक म्हणाले, "त्या दिवशी मी स्वतः बघतो." शांत माणसाने "स्वतः" म्हटलं की अंगावर काटा येतो.

दुपारी सासूबाई वामकुक्षीला आडव्या झाल्या होत्या. त्यांची कवळी सुनेनेच बारा वर्षांपूर्वी बनवलेली. झोपताना त्या ती काढून पाण्याच्या पेल्यात ठेवत. सून मधल्या खोलीच्या दारात बसून टाचांना तेल लावत होती आणि स्वतःशीच पुटपुटत होती, की ऊन नको, धक्का नको, लोंबायला नको, घट्ट बांधायला नको, मग ठेवायचं तरी कशात.

पलंगावरून दात नसलेला, पण ठसक्याचा आवाज आला. "माझे कशात आहेत?"

"तुमचे काय, सासूबाई. ते पक्के आहेत."

"पक्के असूनही मी पाण्यात ठेवते गं. उठता-बसता पेल्याला कोपर लागतं माझं. पेला हलतो. दात कुठे हलतात?"

कवळीताई उठल्या. पेल्याला बोट लावून हलवलं. पाणी डुचमळलं, पाण्याबरोबर कवळी जरा उचलली, जरा फिरली, आणि आपटल्याशिवाय खाली आली. त्यांनी पेला पुन्हा हलवला. मग जोरात हलवला. पाणी सांडलं.

"अगं, मला ती परत घालायची आहे!" सासूबाई म्हणाल्या.

पेल्यात पाणी डुचमळत होतं कारण वर रिकामी जागा होती. रिकामी जागाच नसेल तर पाणी जाणार कुठे? कवळीताईंनी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेतला, पाण्याने भरलेल्या बादलीत पूर्ण बुडवला, आणि सरावाची मेणाची कवळी आत ठेवून झाकण पाण्याखालीच लावलं. आत हवेचा एक बुडबुडाही राहिला नाही. वरचा आणि खालचा जबडा एकमेकांना भेटू नयेत म्हणून मध्ये सोफावाल्यांनी पातळ स्पंजची चकती कापून दिली. पेटीचं दुःख त्यांनी त्या चकतीत घातलं असावं, कारण तिच्या कडासुद्धा शिवलेल्या होत्या. पाणी थंड, त्यामुळे मेण कडक. डबा मागच्या कॅरिअरवर, ट्यूबच्या पट्टीखाली. अकरा गतिरोधक. परत अकरा. साचा लावला. टक्क करून बसला.

कवळीताईंनी तो काढला आणि परत लावला. मग सोफावाल्यांना बोलावून त्यांच्यासमोर लावला. मग सासूबाईंना उठवून लावला.

"झोपू देशील का आता?" सासूबाई म्हणाल्या, पण साचा त्यांनी हातात घेऊन स्वतः एकदा लावून बघितला.

पुढचे चार दिवस खऱ्या कवळ्या डब्यातून गेल्या आणि कवळीताई बसून गेल्या. पाचव्या दिवशी तर लॅबमध्ये पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण आज दात नेतो आहोत हे वाटेत एकदाही आठवलं नाही.

शेवटच्या दिवशी निवेदकांची कवळी डब्यात होती, आणि मालकांनी सांगितल्याप्रमाणे तिच्याही समोरच्या दातांचा साचा काढून पिशवीत घेतला होता. लॅब उताराच्या पायथ्याशी, शेजारीच डॉक्टरबाईंचा दवाखाना. अकरावा गतिरोधक मागे पडला. छापखान्यासमोर कुणीतरी फरशी धुतली होती आणि साबणाचं पाणी रस्त्यावर आलं होतं. पुढचं चाक त्याच्यावरून गेलं, आणि कवळीताई अत्यंत सावकाश, जवळजवळ विचारपूर्वक, आडव्या झाल्या. पट्टी सुटली. डबा रस्त्यावर पडला, एकदा उडाला, कुशीवर वळला आणि उताराला लागला.

"दात!" कवळीताई बसल्या जागेवरून ओरडल्या. "दात धरा!"

रस्त्यावरच्या लोकांनी प्रथम आपापल्या तोंडाला हात लावला. मग छापखान्यातला माणूस डब्यामागे धावला. त्याच्यामागे दोन शाळकरी मुली. त्यांच्यामागे बेकरीचं ते कुत्रं, जे एरवी इतक्या लांब येत नसे. डबा घरंगळत, खणखणत, एका सायकलवाल्याच्या चाकाला चुकवत खाली गेला आणि लॅबसमोर उभ्या असलेल्या पांढऱ्या व्हॅनखाली शिरून मागच्या टायरला टेकून थांबला. दारात मालक उभे होते. व्हॅनचा ड्रायव्हर पालथा पडून आत शिरला आणि डबा घेऊन बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट कवळीताईंच्या गुडघ्यापेक्षा जास्त फाटला होता.

कवळीताई लंगडत पोचल्या. डब्याला पोचा पडला होता. मालकांनी परात मागवली, झाकण उघडलं, पाणी सांडू दिलं, आणि वरचा जबडा बाहेर काढून खिशातलं भिंग लावलं. ते इतका वेळ बघत होते, की छापखान्यातल्या माणसाने दोनदा घड्याळ बघितलं.

"साचा?" मालक म्हणाले.

कवळीताईंनी साचा दिला. मालकांनी तो स्वतःच लावून बघितला. साचा बसला, पण मालकांचं समाधान झालं नाही. शेजारी निवेदक येऊन बसलेच होते. सगळी मंडळी, कुत्रं सोडून, दवाखान्याच्या दारात गोळा झाली. डॉक्टरबाईंनी कवळी तोंडात बसवली.

"म्हणा."

"साठ," निवेदक म्हणाले. "एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट." आवाज भरदार होता, पूर्वी फलाटावर घुमायचा तसा. सहासष्टला ते जरा थांबले. कवळीताईंनी ड्रायव्हरचा फाटका शर्ट धरला. "सदुसष्ट," निवेदक म्हणाले, स्वच्छ, धुतलेल्या काचेसारखं, आणि मग कुणी न सांगता सत्तर ओलांडून थेट नव्याण्णवपर्यंत गेले, कारण त्यांना थांबवतच नव्हतं. एकोणऐंशीला शाळकरी मुलींनी टाळ्या वाजवल्या.

मालकांनी भिंग खिशात ठेवलं. "हललेला नाही," ते म्हणाले. हे त्यांना थोडं जड गेलं, पण ते खरं बोलणारे होते. "ठीक आहे, ताई. तुमचं टेबल घरी राहील. पण डबा उद्या बदला. पोचा पडलाय."

"हो साहेब."

"आणि गुडघ्यातून रक्त येतंय तुमच्या. व्हॅन उभीच आहे. ड्रायव्हर घरी सोडेल."

"आणि सायकल?"

"ती मागे आडवी टाकू. सामानाच्या जागेत."

कवळीताईंनी व्हॅनकडे बघितलं. मग सायकलकडे, तिचं हँडल थोडं वाकडं झालं होतं आणि ती छापखान्याच्या भिंतीला टेकून उभी होती.

"सायकलवर सामान ठेवतात, साहेब," त्या म्हणाल्या. "सायकलचं सामान करत नाहीत."

पुढचं चाक गुडघ्यांत धरून त्यांनी हँडल सरळ केलं, तेही दुखऱ्याच गुडघ्यांत, आणि त्यामुळे तोंड वाकडं झालं. मग डबा, पोचा असलेला, रिकामा, कॅरिअरवर ठेवला आणि पट्टी लावली. घराकडे सगळा चढ होता. मालक दारात उभे राहून बघत होते. एक पाय नीट वाकत नसल्यामुळे कवळीताई उजव्या पॅडलवर जोर आणि डाव्यावर नुसती सोबत, अशा निघाल्या होत्या, आणि रिकामा डबा दर खड्ड्याला वाजत होता. पहिल्या गतिरोधकाशी त्या सवयीने पॅडलवर उभ्या राहिल्या. डब्यात काहीच नव्हतं, पण त्या उभ्या राहिल्या.